पाठचा भाऊ

फेरीबोट बर्फात अडकलीय, म्हणून आजचा रुग्ण
माझ्याकडे पडद्यातून येतो.
आधी छत दिसतं, मग दिव्याची साखळी,
मग एक मोठा, लाल, केसाळ कान.
"मिस्टर रायडआउट, टॅबलेट जरा लांब धरा."
कान म्हणतो, "हा माझा नाही. त्यांच्या घरचा आहे."
आणि टॅबलेट दुधाच्या डब्याला टेकवला जातो.

लिअँडर रायडआउट, वय चौसष्ट,
गनेट कोव्ह, न्यूफाउंडलंडचा उत्तर किनारा.
चाळीस वर्षं खेकड्यांचे पिंजरे ओढले, काही झालं नाही.
तीन आठवड्यांपूर्वी पडलेला मोजा उचलायला वाकला
आणि कमरेत चमक भरली, ती गेलीच नाही.
एक ते दहामध्ये किती दुखतं?
"सहा." थांबतो. "बूट घालताना नऊ.
शिंकलो तर तुमच्या आकड्यांत बसत नाही."

मी ठरलेले प्रश्न विचारते.
पायाला मुंग्या? लघवीला त्रास? ताप?
नाही. नाही. नाही.
रात्री जाग येते? येते, पण ती जुनीच आहे.
टाचांवर चालून दाखवा. आता चवड्यांवर.
तो चौकटीबाहेर जातो
आणि मला दिसतं मेणकापड, त्यावरची छापील फळं,
आणि दाराशी, कोट न काढता,
खिडकीबाहेर बघत उभा असलेला दुसरा माणूस.

इथे माझं अडतं.
माझे हात सेंट जॉन्सला आहेत, तळघरातल्या खोलीत,
हीटरवर शेकत.
वीस वर्षं मी या हातांनीच विचार केला;
डोळ्यांना पाठ नुसती दिसते.
"तुमच्या मागे कुणी आहे ना?
त्यांना हात धुऊन यायला सांगा."
लिअँडर सांगत नाही. शेगडीकडे बघतो.
शेवटी मीच ओरडते, "अहो, दाराजवळचे!"

गार्लंड. पाठचा भाऊ, दीड वर्षाने लहान.
बायकोने टॅबलेट घेऊन पाठवला म्हणून आलेला.
होडीच्या परवान्यावरून काहीतरी झालं होतं,
आणि बारा वर्षं दोघांनी एकमेकांना
पाठच दाखवली.
इतक्या छोट्या गावात हे सोपं नाही.
तिथल्या चर्चला दारही एकच.

शर्ट वर होतो. पांढरी, रुंद, कधी ऊन न पाहिलेली पाठ.
तिच्यावर हात येतो, अनामिका अर्धीच,
उरलेली विंचने नेलेली.
"मणक्यावर नको. बाजूला. अंगठ्याने. आता खाली."
"इथे?" तो मला विचारतो.
"मला काय कळणार? त्यांना विचारा."
शेगडीत लाकूड तडकतं.
"इथे?"
"डावीकडे," लिअँडर शेगडीला सांगतो.
"अजून. अजून थोडं. हां—"

आणि चित्र गोठलं.
उघडी पाठ, तिच्यावर साडेचार बोटं,
कोपऱ्यात फिरणारं ते मूर्ख वर्तुळ.
मी हॅलो हॅलो करत राहिले.
घड्याळात चाळीस सेकंद गेले,
त्यांची नोंद माझ्या कागदांत नाही.

चित्र हललं तेव्हा किटली वाजत होती
आणि कोट खुर्चीवर होता.

मी सांगितलं: पडून राहू नका.
दिवसातून दोनदा दहा मिनिटं चाला,
गुडघे छातीशी, पाच श्वास, शेक घ्या.
दुखतंय म्हणजे मोडलंय असं नसतं;
हे मी सगळ्यांनाच सांगते,
त्या दिवशी दोघांनीही ऐकल्यासारखं केलं नाही.
फॉर्ममध्ये भरलं, मदतनीस: भाऊ.
सहकार्य: समाधानकारक.

तिसऱ्या भेटीला टॅबलेट त्याने नीट ठेवला होता.
दुखणं चार. बूट घालताना पाच.
शिंक अजून आलेली नाही.
दार उघडंच असावं, कारण बाहेरून
ठक, मग बराच वेळ काही नाही, मग ठक.
"आणि भाऊ?"
"लाकडं फोडतोय," लिअँडर म्हणाला,
आणि जरा वेळाने, तक्रार केल्यासारखं,
"माझी. आणि फार जाड फोडतो."